जिभेखालची गोळी

तात्या, पंधरा दिवसांपूर्वी मलाही ती मिळाली. जिभेखाली ठेवायची गोळी. पिंपरीतल्या हार्टच्या डॉक्टरनं कागदावर औषधांची रांग लावली आणि एकेक समजावून सांगितलं. ही रक्त पातळ ठेवायची. ही कोलेस्टेरॉलची, रात्री जेवल्यावर. ही ठोके आवरायची. बरं वाटतंय म्हणून यातली एकही बंद करायची नाही, कारण या बरं वाटण्यासाठी नाहीतच, पुढचा अटॅक टाळण्यासाठी आहेत. मग त्यानं ती लहानशी बाटली टेबलावर ठेवली. "ही मात्र छातीत दुखलं तरच. आणि बसून घ्यायची मॅडम. उभ्यानं घेतलीत तर बीपी पडेल आणि तुम्हीही पडाल. पाच मिनिटांत थांबलं नाही तर गोळीच्या भरवशावर बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं." नंतर त्यानं विचारलं, घरात कुणाला हा त्रास होता का. म्हटलं, वडिलांना. "गोळ्या वेळेवर घ्यायचे का ते?" मी म्हटलं, "वेळ बघूनच घ्यायचे." त्याला वाटलं मी तुमचं कौतुक करतेय. त्यानं मान डोलावली.

त्या बाटलीकडं बघून मला मरणाची भीती वाटायला हवी होती. तुम्ही आठवलात. म्हणजे फार वेगळं काही झालं नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. ती अजून निघोज्यातच आहे, भावाकडं. हार्टच्या गोळ्या सुरू झाल्या म्हटल्यावर आधी रडली, मग नाक ओढलं आणि लगेच कामाला लागली. "आता दाव की तिला बाटली," म्हणाली. मी विचारलं, कुणाला? "कुणाला म्हंजी? तुज्या लेकीला! दोन येळा तिच्यासमूर जिभंखाली ठिव. बघू कशी जातीया ती मद्राशात." तुमची नात, तात्या. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मिशा ओढायच्या वयाची होती आणि तुम्हाला न घाबरणारी घरातली एकटीच होती. आता ती चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात तिनं ठरलेलं लग्न मोडलं, सुपारी फुटलेली असताना, आणि कंपनीच्या तमिळनाडूतल्या प्लांटला बदली मागून घेतली. मुलाकडची माणसं आकुर्डीत आमच्या दारात येऊन जे बोलून गेली ते मी लिहीत नाही. तुम्ही असता तर त्यातले निम्मे शब्द तुमचेच असते. आणि हेही आधीच सांगून टाकते, ती जायला मला नको होती. लग्न मोडल्याचं मला काडीचं दुःख नाही, तो मुलगा बोलताना स्वतःच्याच गाडीच्या किल्लीकडं बघायचा. पण ती गेली की या घरात मी आणि माझा नवरा उरणार होतो, आणि नवरा गेली कित्येक वर्षं मोबाइलवर प्लॉट दाखवत फिरतोय. म्हणून आईचं म्हणणं मी फोन ठेवून विसरून गेले नाही. बाटली तेव्हापासून पर्समध्ये आहे आणि पर्स सतत जवळ आहे.

तुमचा पहिला अटॅक मला नीट आठवतो. जमीन एमआयडीसीत गेलेली, उरलेल्या तुकड्यावर तुम्ही पत्र्याच्या खोल्यांची ओळ उठवलेली, आणि तुम्ही रोज सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसताय. कंपन्यांतली पोरं शिफ्टवरून येताना "नमस्कार मालक" म्हणतात आणि तुम्ही मान एवढीशी हलवता, जास्त हलवली तर भाडं कमी होईल अशा बेतानं. त्या दिवशी पाण्याच्या मोटरवरून तुम्ही एका भाडेकरूला शिव्या देत होता. शिवी अर्ध्यात राहिली. ज्याला देत होता त्यानंच तुम्हाला पाठीवर घेतलं, मित्राच्या टेंपोत घातलं आणि पिंपरीला आणलं. लातूरकडचा होता तो. तिसऱ्या शिफ्टमधून आलेला, न झोपलेला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर संपलं होतं. शुद्धीवर आल्यावर तुमचा पहिला प्रश्न होता, "मोटर बंद केली का त्यानं?"

घरी आलात ते पिशवीभर गोळ्या घेऊन. पहिला महिना तुम्ही शहाण्यासारखे वागलात, कारण घाबरला होतात. मग भीती ओसरली आणि तुम्ही मूळपदावर आलात. रक्त पातळ करायची गोळी आधी गेली. दाढी करताना कापलं आणि रक्त लवकर थांबेना, तेव्हा तुम्ही आरसा खाली ठेवून जे बोललात ते मी आजवर कितीतरी जणांना ऐकवलंय, आणि सगळे हसतात. "आमचं रगत घट हाय म्हणून आमी इथं टिकलो. पातळ करून काय भाडेकरू व्हायचं?" मग कोलेस्टेरॉलची गेली, कारण पारावर कुणीतरी सांगितलं की तिनं किडनी जाते. सांगणारा म्हशींचा दलाल होता. डॉक्टरपेक्षा तुमचा त्याच्यावर भरवसा, कारण तो तुम्हाला "तात्यासाहेब" म्हणायचा. ठोक्यांची गोळी घेतली की सुस्ती येते, आवाज चढत नाही, अशी तुमची तक्रार होती. ती तर दुसऱ्याच आठवड्यात खिडकीबाहेर गेली. आवाज चढणार नसेल तर जगायचं कशाला? ज्यांनी जीव वाचला असता त्या सगळ्या अशा गेल्या. राहिली फक्त एक, जिभेखालची. कारण ती लोकांसमोर घेता येत होती.

आणि काय घ्यायचात तुम्ही! भावानं मोटरसायकल मागितली, गोळी. आईनं माहेरी चार दिवस जाते म्हटलं, गोळी. भाजीत मीठ जास्त पडलं तर गोळी नव्हती, पण बाटली खिशातून निघून ताटाशेजारी उभी राहायची, हवालदारासारखी. खादीच्या बंडीचा वरचा खिसा, त्यात ती इवलीशी बाटली. तुम्ही एका हातानं छाती धरायचात, दुसऱ्यानं झाकण उडवायचात, जीभ वर करायचात आणि डोळे मिटून घ्यायचात. घर गप्प. पंख्याचा आवाज ऐकू यायचा. पाच मिनिटांनी डोळे उघडायचात आणि आम्ही सगळ्यांनी तोवर आपापलं म्हणणं मागं घेतलेलं असायचं. आत्या आली होती, आठवतं? जमिनीला सोन्याचा भाव आलेला, तिच्या सासरच्यांनी डिवचून पाठवलेली. बिचारी ओट्यावर बसून म्हणाली, "दादा, माजाबी वाटा हाय ना रं त्यात?" तुम्ही भांडला नाहीत. गोळी काढलीत. ती घाबरून तुमची छाती चोळायला लागली, "न्हाई दादा, कायबी नगं मला, तू बरा हो, तू ऱ्हा," आणि दुसऱ्या आठवड्यात खेडच्या कचेरीत जाऊन हक्क सोडल्याची सही करून आली. वर तुम्हाला नारळ दिला तिनं. तिला तुम्ही साडी दिलीत. बरी होती साडी, रंग गेला नाही.

आता माझी पाळी. तो लातूरकडचा तुम्ही हॉस्पिटलात असताना रोज यायचा, शिफ्ट संपली की. आधी तुमच्यासाठी आला, मग माझ्यासाठी, आणि तुम्ही कॉटवर डोळे मिटून असताना आम्ही बाहेरच्या बाकावर एका कपातून चहा प्यायला लागलो. पुढं वर्षभरानं मी तुम्हाला सांगितलं. माझं चुकलं ते एवढंच, की मला वाटलं, पाठीवरून आणलेल्या माणसाची तुम्ही जात नाही काढणार. जात तुम्ही नाहीच काढलीत, जात आपलीच होती. तुम्ही खोली काढलीत. "माज्या खोलीत ऱ्हातो त्यो. माज्या नळाचं पानी पितो. त्याला पोरगी दिली तर उद्या फाटकाशी खुर्ची त्यानं टाकायची आन् नमस्कार मी घालायचा?" तरी मी ऐकेना म्हणून तुम्ही बैठक बोलावलीत. चुलते, मामा, भावकीतली चार पागोटी. मला दारात उभं केलं. मोठे चुलते म्हणाले, "बोल बाय, काय म्हननं हाय तुजं?" मी म्हणाले, माझं लग्न त्याच्याशीच. माझ्या तोंडून एवढंच वाक्य गेलं. तुम्ही बैठकीच्या मधोमध उभे राहिलात. छाती धरलीत. झाकण उडवलंत. मामा ओरडला, "आगं बाई, बाप मारतीस का?" आई आतून पळत आली आणि तुमची छाती चोळायला लागली. तुमचे डोळे मिटलेले. मी तुमच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत होते आणि मला, तात्या, खरंच, मनापासून वाटलं की तुम्ही मरताय. मी पाय धरले तुमचे. "तुम्ही म्हणाल तिथं करते," म्हणाले. तुम्ही डोळे उघडलेत. पाच मिनिटंही झाली नव्हती.

त्याला महिनाअखेर खोली सोडायला लावलीत. त्याचं पुढं चांगलं झालं, असं ऐकते. मोशीला दोन मजली घर आहे, खाली भाडेकरू ठेवतो, आणि भाडेकरूंच्या पोरांनी आपल्या मुलीशी बोललेलं त्याला चालत नाही. बघा, तुम्ही उगाच नाही म्हणालात, जावई अगदी तुमच्यासारखाच मिळाला असता. मला तुम्ही आकुर्डीच्या गावकीतलं घर बघून दिलंत. नवरा वाईट नाही. वाईट असायला माणूस घरात असावा लागतो.

मग तुमचं मरण. तुमच्या पुतण्याचं लग्न, मोशीच्या मोठ्या कार्यालयात. माईकवाला अर्धा तास स्वागतं करतोय. अमक्या माजी सदस्यांचं सहर्ष स्वागत, तमक्या उद्योजकांचं सहर्ष स्वागत, एकेकाला फेटा, शाल, नारळ. नवरा-नवरी घामानं भिजलेत, भटजी घड्याळ बघतोय, आणि तुम्ही पुढच्या रांगेत ताठ बसून आपल्या नावाची वाट बघताय. तुमच्या आधी एका खडी-वाळूवाल्याचं नाव पुकारलं गेलं. तुमचा चेहरा उतरलेला मी लांबून पाहिला. मग तुम्ही छाती धरलीत. बाटली काढलीत. गोळी जिभेखाली गेली. बैठकीतल्यासारखं उभं राहण्याऐवजी तुम्ही बसूनच राहिलात, हे मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही. फेट्याखालून घाम निथळत होता. भाऊ म्हणाला, "गाडी काढू का?" मोठ्या चुलत्यांनी त्याचा दंड धरला. "थांब रं. गोळी घ्येतलीया तात्यानं. पाच मिंटात हुशार व्हतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, खरंच होतं ते! त्या कार्यालयातल्या प्रत्येक माणसानं ती गोळी लागू पडताना पाहिली होती. ती कधी म्हणजे कधी वाया गेली नव्हती. एवढं खात्रीचं औषध अख्ख्या तालुक्यात दुसरं नव्हतं. म्हणून सगळे गोळीची वाट बघत थांबले. कुणी पत्रिकेनं वारा घातला, कुणी पाणी आणलं. मंगलाष्टका सुरू झाल्या. आई बायकांच्या बाजूला होती, तिनं मान उंच करून एकदा पाहिलं आणि परत अक्षता वाटायला लागली. माईकवाल्याला कुणीतरी चिठ्ठी दिली आणि त्यानं मंगलाष्टकांच्या मधल्या फटीत तुमचं नाव पुकारलं, आमचे मार्गदर्शक, निघोज्याचे प्रगतिशील बागायतदार. बाग कुठली, पत्र्याच्या खोल्या. तुम्ही ऐकलंत की नाही, कुणास ठाऊक. अक्षता पडल्या तेव्हा काही तुमच्या मांडीवर पडल्या आणि तुम्ही त्या झटकल्या नाहीत. तेव्हा कुठं लोक ओरडले.

दहाव्यानंतरची दुपार. स्वयंपाकघरात मी आणि आई. बाहेर भेटायला आलेले काका बसलेत, त्यांना मधुमेह. आईनं चहा गाळला, भिंतीवरच्या तुमच्या बंडीच्या खिशात हात घातला, ती बाटली काढली आणि दोन गोळ्या काकांच्या कपात टाकल्या. मी किंचाळले.

"अगं वरडू नगंस," आई म्हणाली. "ग्वाड हाय ती."

मला कळेना. तिनं चमच्यानं कप ढवळला. "खऱ्या गोळीनं डोस्कं लय ठणकायचं त्यांचं. एकदा मोरीत चक्कर यून पडले. मग म्हनले, साखरंऐवजी चहात टाकत्यात त्या गोळ्या भर हिच्यात. दिसायला सारखीच."

"कधीपासून?"

"झाली की लय वरसं. तुज्या आत्यानं सही केली, त्याच्याबी आदीपास्नं."

"म्हणजे माझ्या बैठकीच्या वेळी..."

"व्हय."

"आणि तू छाती चोळत होतीस त्यांची!"

"मग काय करू? चार मानसं बसली व्हती समूर." तिनं कप बशीत ठेवला. "बाटली मीच भरायची. दर म्हैन्याला."

"मग लग्नात? लग्नात तुला कळलं नाही?"

ती दारापर्यंत गेली, थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं, शालीसाठी चाललंया."

असं आहे, तात्या. अख्खं कार्यालय तुमच्यावर विश्वास ठेवून बसून राहिलं, आणि एकट्या आईनं विश्वास ठेवला नाही, म्हणून तीही बसून राहिली. पिंपरीच्या डॉक्टरला मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, खरी गोळी असती तरी तेवढ्यानं वाचले असतेच असं नाही. वाचवलं असतं ते रोजच्या औषधांनी आणि वाया गेलेल्या अर्ध्या तासानं. म्हणजे चहाची गोळी निर्दोष आहे. तिनं तिचं काम केलं. तुमचं तोंड गोड होतं.

वीस वर्षं मी हे मनात घोळवतेय आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? माझं लग्न गेलं, त्याचा नाही. एवढी वर्षं झाल्यावर ते लग्नही गेलंच असतं कुठंतरी, सगळ्यांचं जातं तसं. राग याचा की मी तुमचे पाय धरले तेव्हा तुमच्या तोंडात गोड चव होती. मी रडत होते आणि तुम्ही चघळत होता.

आता गेल्या रविवारचं. लेक सामान बांधतेय. हॉलमध्ये बॅगा उघड्या, ती जमिनीवर बसून लोणच्याच्या बरणीला प्लॅस्टिक गुंडाळतेय आणि मला सांगतेय की तिकडं भात चांगला मिळतो, पण पोळी आपल्यालाच लाटावी लागेल, आणि आई तू अशी बघू नकोस, दिवाळीला येणारच आहे मी. मी सोफ्यावर बसलेय. आणि दुखायला लागलं. खरं. मधोमध, कुणीतरी पाटा ठेवावा तसं, मग जबड्यात, मग डाव्या दंडात. पर्स मांडीवर. बाटली वरच्याच कप्प्यात. मला ठाऊक होतं, मी तिथंच झाकण उघडलं तर ती बरणी टाकून धावत येईल. एका शब्दानं विचारणार नाही. तिकीट रद्द करेल, बदली रद्द करेल, आणि वर मलाच समजावेल की तिला तसंही जायचं नव्हतं. मी तिला ओळखते, ती माझ्यावर गेलीय. पायच धरेल ती. आणि यात खोटं काही नव्हतं, हीच तर मजा. तुम्हाला जिंकायला खोटं बोलावं लागलं, मला फक्त बसल्या जागी खरं दुखू द्यायचं होतं.

मी उठले. डॉक्टरनं बसायला सांगितलंय हे आठवत असताना उठले, भिंतीला धरत झोपायच्या खोलीत गेले, पलंगाच्या कडेवर बसले आणि तिथं गोळी घेतली. गोड नव्हती. जिभेखाली किंचित झोंबली. थोड्या वेळानं छातीवरचा पाटा कुणीतरी उचलला आणि डोकं असं ठणकायला लागलं की डोळ्यांतून पाणी आलं. तेवढं एक तुमचं खरं होतं म्हणायचं. तुमच्यापायी मला माझं खरं दुखणंसुद्धा चोरून सोसावं लागलं, हे एखाद्या दिवशी वर भेटलात तर तोंडावर सांगेन. बाहेरून लेक ओरडली, "आई, कुकर कुठला नेऊ?" मी म्हणाले, "लहान ने. मोठा तुला काय करायचाय?" ती गुरुवारी गेली. डॉक्टरला मी फोन करून कळवलंय, त्यानं बोलावलंय, उद्या नवरा नेणार आहे. प्लॉट दाखवून झाल्यावर.

हे कुठं पाठवायचा प्रश्न नाही. निघोज्याला टाकलं तर भाऊ फोडेल, वाचेल आणि आईला वाचून दाखवेल, आणि ती म्हणेल, बाटली दावली असती तर पोरगी ऱ्हायली असती. कपाटात साड्यांच्या खाली ठेवते.

फक्त एक राहिलं. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही कुणाला सांगणार? खोलीत गेले खरी, पण दार मी लावलं नव्हतं. नुसतं लोटलं होतं. पलंगावर मी बसले होते तिथून फटीतून तिची पाठ दिसत होती, म्हणजे तिनं मान वळवली असती तर तिलाही मी दिसले असते, हातात बाटली घेतलेली. तिनं वळवली नाही. मग मी एकदा खोकले, जरा मोठ्यानं. खोकला आलेला नव्हता, तात्या.